अवयवदानाची नोंद केलीत? आता घरच्यांच्या कानावर घाला
नोट्टोच्या, म्हणजे अवयवदानाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या वेबसाइटवर आधार आणि ओटीपी देऊन अवयवदानाची नोंद करता येते. तेवढ्यावर थांबू नका. मेंदूमृत्यूनंतर डॉक्टर संमती विचारतात ती घरच्यांना. माझं कार्ड दोन वर्षं ठाणे-वाशी लोकलच्या पासामागे चिकटून होतं, बायकोला पत्ताच नाही! शेवटी प्रमाणपत्राचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, एक प्रिंट रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवली. आईने विचारलं, ‘डोळेसुद्धा?’ हो म्हटलं, डोळेसुद्धा. बरंच झालं, तिथल्या तिथे बोलणं झालं. ऑनलाइनऐवजी नोंदीचा कागदी अर्ज (नमुना ७) भरत असाल तर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. काका-मामा त्यात धरत नाहीत. ऐनवेळी अडून बसेल असा भाऊ असेल, तर सही त्याचीच घ्या.