अमेरिकेत कॉलेजला जायचंय पण घरी पैसे नाहीत? मग लिस्ट अशी बनवा

बहुतेक जण आधी कॉलेज ठरवतात आणि मग पैशाचं बघू म्हणतात. अमेरिकेबाहेरच्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांनी नेमकं उलटं करायचं, म्हणजे आधी कोण पैसे देतं, किती देतं, किती जणांना देतं ते बघायचं आणि मगच कॉलेजच्या प्रेमात पडायचं. कारण चांगल्या प्रायव्हेट कॉलेजचा ट्युशन, रूम, मेस, इन्शुरन्स धरून वर्षाचा खर्च ८०-९० हजार डॉलरच्या घरात जातो, तिथे पाच-दहा हजारांची स्कॉलरशिप मिळून काहीच होत नाही.

सगळ्यात आधी जे आपल्यासाठी नाहीच ते खोडून टाका. फाफ्सा (सरकारी मदतीसाठीचा फॉर्म), पेल ग्रांट (परत न करायची सरकारी मदत), सरकारी लोन हे सगळं अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या काही मोजक्यांसाठी आहे. क्वेस्टब्रिज या कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना कॉलेजशी जोडणाऱ्या संस्थेचंही तेच, परदेशी नागरिक असाल तर शाळा अमेरिकेत चालू असायला लागते. बर्कली, यूसीएलए अशी सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांकडे पूर्ण फी भरणारे म्हणूनच बघतात, त्यामुळे नाव कितीही मोठं असलं तरी गरजेवर आधारित मदत तिथे जवळजवळ नाही. उरतो तो फक्त कॉलेजचा स्वतःचा पैसा.

आता असा पैसा देणाऱ्या कॉलेजांचे दोन प्रकार. नीड-ब्लाइंड म्हणजे अ‍ॅडमिशन ठरवताना तुम्ही पैसे मागितलेत का हे बघतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही जुनी नावं, २०२२ मध्ये डार्टमाउथ आणि बोडन आले, नंतर ब्राउन आणि नोत्र दाम. ऐकायला भारी वाटतं पण एमआयटीत १०० परदेशी अर्जांमागे जेमतेम दोन जण घेतात, म्हणजे पैसा आहे पण दारच अरुंद आहे. दुसरा प्रकार नीड-अवेअर, इथे तुम्ही किती मागताय हे पण तराजूत जातं. स्टॅनफर्ड, विल्यम्स, स्वार्थमोर, ग्रिनेल, वेस्लियन वगैरे. पण यांनी एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात. केंटकीतलं बेरिया कॉलेज तर कोणाकडूनच ट्युशन घेत नाही, पण परदेशी जागा अगदी मोजक्या.

मग लिस्ट कशावरून करायची? रँकिंग बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून सर्च करा, कॉलेजने स्वतःच दिलेल्या आकड्यांची एक कंटाळवाणी पीडीएफ मिळेल, त्यातलं सेक्शन एच६ उघडा. तिथे लिहिलेलं असतं की किती परदेशी मुलांना मदत दिली आणि सरासरी किती डॉलर. सेक्शन बी२ मध्ये एकूण परदेशी मुलं किती ते असतं. दोन्ही शेजारी ठेवून बघा. समजा एका कॉलेजात २०० परदेशी मुलं, १५० जणांना मदत, सरासरी १८ हजार, तर ते सगळ्यांना थोडं थोडं डिस्काउंट वाटतायत, तुमच्या काही कामाचं नाही. दुसरीकडे २०० पैकी ६० जणांनाच पण सरासरी ७० हजार, तर हे कॉलेज तुमचं. कन्सल्टंट लोक पैसे घेऊन हेच सांगतात (तेही सांगितलं तर). एच६ रिकामं असेल तर सरळ कॉलेजच्या एड (आर्थिक मदत) ऑफिसला मेल टाका, उत्तर देतात.

फॉर्मचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल (घरच्या पैशाची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म) लागतं, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. त्यातली आपोआप मिळणारी फी माफी परदेशी मुलांना नाही, पण कॉलेजला लिहून विचारलं तर काही जण कोड देतात किंवा दुसरा फुकटचा फॉर्म चालवून घेतात. घरी ठराविक पगार नसेल, कमाई हातावरची असेल, तर तसं स्पष्ट एका पत्रात लिहा, वर्षाचा अंदाजे आकडा कसा काढला ते पण लिहा, आणि कागद इंग्रजीत भाषांतर करून जोडा.

आणि एक, चान्स वाढेल म्हणून गरज कमी दाखवू नका!! हा सल्ला फार फिरतो. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी परदेशी मुलाने अर्जाच्या वेळी एड मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही, मग दुसऱ्या सेमिस्टरला काय करणार?

अर्ली डिसिजनची तारीख साधारण १ नोव्हेंबर, रेग्युलरची जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली डिसिजन म्हणजे घेतलं तर जायचंच. एड पुरली नाही तर सोडतात हे खरं, पण दोन ऑफर शेजारी ठेवून बघायची सोय जाते, म्हणून माझ्या मते जिथे पूर्ण गरज भागवायची पॉलिसी लेखी आहे तिथेच करावं.

ऑफर लेटर आलं की नाचायच्या आधी ग्रांट, लोन आणि कॅम्पस जॉब असे तीन आकडे वेगळे काढा. जॉबचे पैसे काम केल्यावर हळूहळू मिळतात, आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच. शिवाय एक गोष्ट कोणी सांगत नाही, ट्युशन आणि पुस्तकांच्या ग्रांटवर टॅक्स नाही पण रूम आणि मेसच्या ग्रांटवर एफ-१ वाल्यांचा साधारण १४ टक्के कापतात, तुमच्या देशाचा टॅक्स करार असेल तर गोष्ट वेगळी. समजा रूम-मेसची ग्रांट १८ हजार, तर त्यावर २,५२० डॉलर, आणि हे बिल वर्षाच्या मध्येच समोर येतं, तेव्हा एड ऑफिसला आधीच विचारा की हे कोण भरणार. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी आणि विमानाचं तिकीट तर कॉलेज सुरू व्हायच्या आधीच लागतं. जवळच्या एज्युकेशनयूएसए सेंटरमध्ये (अमेरिकन सरकारचं शिक्षण सल्ला केंद्र) सुरुवातीच्या खर्चासाठी काही फंड आहे का ते विचारायला काही जात नाही.

पैसे कमी पडत असतील तर अपील करा, दुसऱ्या कॉलेजची जास्तीची ऑफर असेल तर ती जोडा, हे अगदी कॉमन आहे. उत्तर द्यायची तारीख बहुतेक १ मे. तरी खड्डा भरला नाही आणि पुढच्या वर्षी परत ट्राय करायचं ठरवलं, तर मधल्या काळात दुसरीकडे डिग्रीला नाव घालायच्या आधी दहादा विचार करा, कारण मग बरीच कॉलेजं तुम्हाला ट्रान्सफर (म्हणजे मध्येच कॉलेज बदलणारे) समजतात आणि ट्रान्सफरवाल्या परदेशी मुलांसाठी एडचे नियम बऱ्याचदा वेगळे आणि कडक असतात.