केबिन स्वस्त पण सहल महाग? अभयारण्यात राहायला जाताना या चुका टाळा

अभयारण्यातल्या केबिनचं भाडं कमी असतं, कारण हॉटेलात जी कामं दुसरं कुणी करतं ती इथे आपल्याकडे येतात. चादर घालणं, पाणी तापवणं, कचरा नेणं, निघताना झाडून घेणं, सगळंच. घरून निघताना हे लक्षात नसलं की भाड्यात वाचलेले पैसे वाटेतल्या दुकानांत जातात आणि वर चिडचिड होते ती वेगळी.

फक्त फोटो बघून बुकिंग

फोटोत धुकं दिसतं, खिडकी दिसते, पलंगही दिसतो. गादी आहे पण पांघरूण आपलं आणायचं, संडास केबिनच्या बाहेर आहे, गाडी अलीकडेच ठेवून पुढे सामान पाठीवर न्यायचं, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचा, आणि तरी शंका राहिली तर पैसे भरण्याआधी फोन करून विचारा. पिण्याचं पाणी आहे का आणि वीज कशावर चालते, हे तर विचाराच.

हिशोबातली नेहमीची चूक म्हणजे नुसतं एका रात्रीचं भाडं बघणं. प्रवेश शुल्क, पार्किंग, सफाईचा आकार हे सगळं त्यावर चढतं. सफाईचा आकार बहुधा एकरकमी असतो, कितीही रात्री राहा. त्यामुळे एका रात्रीची धावपळ डोळ्यांना स्वस्त दिसली तरी प्रत्यक्षात महाग पडते. सुट्टी मिळत असेल तर शनिवार-रविवार सोडून आठवड्याच्या मधल्या दोन-तीन रात्री घ्या. गर्दी नसते आणि भाडंही बरेचदा उतरलेलं असतं.

अंधार पडता पडता पोहोचणं

बऱ्याच अभयारण्यांचं गेट सूर्यास्ताला बंद होतं. आम्ही एकदा वीस मिनिटं उशिरा पोहोचलो आणि ती रात्र गाडीत काढली. पहारेकऱ्याची काहीच चूक नव्हती, वेळ बुकिंगच्या कागदावर छापलेली होती. नकाशाचं ॲप जी वेळ दाखवतं तिच्यावर कच्च्या रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी निदान तासभर चढवा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. रेंज अशक्त असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, तेव्हा काम नसताना तो विमान मोडवर टाकलेला बरा.

शेगडी पेटवण्याची घाई

थंड जागेतल्या केबिनमध्ये लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी असते, आणि पहिल्या संध्याकाळी हमखास खोलीभर धूर होतो. दोष बहुतेक वेळा शेगडीचा नसतो. धुराडं गार पडलेलं असलं की त्यातली थंड, जड हवा खाली दाबते आणि धुराला वर जाऊ देत नाही. आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडी आहे ना ते बघा. खिडकी बोटभर उघडा. मग कागदाचा एक बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरा. ज्वाळा वर खेचली जायला लागली की काटक्या लावा, ओंडके त्यानंतर.

तरीही धूर होत असेल तर बहुधा लाकूड ओलं आहे. दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहा: वाळलेलं खणखणीत वाजतं, ओल्याचा आवाज बद्द येतो. चांगल्या जळणात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा कमी हवा. जंगलात पडलेली लाकडं उचलून आणू नका. ती किड्यांची नि बुरशीची घरं असतात, आणि बहुतेक ठिकाणी तशी बंदीच असते. घरून लाकूड नेणंही नको, त्यातून झाडांची कीड नव्या जंगलात पोहोचते.

आता एक गोष्ट, जिच्यात चूक परवडत नाही. ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी किंवा कॅम्पिंगचा गॅस बंद खोलीत लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंगही नसतो. केबिनमधल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली तर गोळी शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मदत बोलवा. हा वायू ओळखणारा, बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म सोबत नेला तर उत्तम.

ओले बूटही शेगडीला टेकवून ठेवू नका. तळव्याचा डिंक सुटतो आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेत तळवा जबडा वासतो.

घरच्यासारखी वीज वापरणं

सौर विजेवरच्या केबिनमध्ये दिवे आणि फोन आरामात चालतात. पाणी तापवायची इलेक्ट्रिक केटल मात्र बहुधा 1500 ते 2000 वॅटची असते, ती लावली की छोटा इन्व्हर्टर बंद पडतो. केटल काढा, थोडा वेळ थांबा, मग इन्व्हर्टर पुन्हा चालू करा. हेअर ड्रायरचंही तेच.

खाणं उघडं ठेवणं

रात्री पिशवीची खरखर ऐकू आली तर तो बहुधा उंदीर. साधारण 6 मिलिमीटरच्या फटीतूनही तो आत येतो. कापडी पिशवीला तो दाद देत नाही, घट्ट झाकणाचा कडक डबाच हवा, आणि वास येणारा साबण नि टूथपेस्टही त्यातच ठेवा. बाहेरच्या प्राण्यांना हौसेने घास टाकणं तर नकोच. माणसाच्या खाण्याला सोकावलेला प्राणी धीट होतो, आणि पुढे अंगावर आला की जीव त्याचाच जातो.

दहा वाजता फिरायला निघणं

मग "प्राणीच दिसले नाहीत" ही तक्रार येते. बरेचसे प्राणी पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतात, दुपारची झोप आपण काढावी. तारे बघायचे असतील तर अमावस्येच्या आसपासच्या रात्री निवडा. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि कुणीतरी फोनचा टॉर्च लावला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लाल उजेडाची बॅटरी असेल तर ती वापरा.

निघतानाची गडबड

आल्याबरोबर खोलीचे फोटो काढले असतील तर निघतानाही काढा, अनामत रकमेवरून वाद होत नाही. शेगडीतली राख प्लॅस्टिकच्या कचरापेटीत ओतू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-तीन दिवसही धुमसत राहू शकतो. ती झाकण असलेल्या लोखंडी बादलीत काढा आणि बादली भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत ठेवून मगच किल्ली परत करा.