सर्व्हरला होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) देताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपपासून चिकोडीकडच्या साखर कारखान्यांपर्यंत, जिथं जिथं आतल्या नेटवर्कवर अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर बसवलेत तिथं त्याच त्याच चुका बघायला मिळतात. नवीन पोरं हुशार आहेत पण घाई फार, नाव टाकलं, पिंग झालं, बिल लावून मोकळं.

सगळ्यात महागात पडते ती होस्ट्स फाईल, म्हणजे कुठलं नाव कुठल्या आयपीचं याची मशीनवरचीच यादी, न उघडण्याची चूक. उबंटू किंवा डेबियन टाकलं की इन्स्टॉलर बऱ्याचदा स्वतःच /इटीसी/होस्ट्समध्ये १२७.०.१.१ समोर त्या मशीनचं नाव लिहून ठेवतो. घरच्या पीसीला चालतंय ते. पण सर्व्हरवरचं अ‍ॅप्लिकेशन जेव्हा स्वतःच्या नावावरनं स्वतःचा आयपी शोधतं आणि दुसऱ्यांना कळवतं, तेव्हा घोटाळा होतो.

एका कारखान्यात ऐन गळीत हंगामात जुना सर्व्हर गेला. नवीन आणला, नाव तेच, आयपी तोच, जावाचा प्रोग्रॅमही तोच. वजनकाट्यावरच्या पीसीवरनं पिंग होतंय, १०९९ पोर्ट उघडा दिसतोय, पण काट्याची पावती काही निघेना. बसवणाऱ्यानं केबल बदलली, मग स्विच बदलला, मग फायरवॉलच बंद करून टाकली (हे तर कधीच करू नका), आणि बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली, ऊस वाळला की वजन शेतकऱ्याचंच घटतंय. मी गेलो आणि काट्याच्या पीसीवरचा एरर शेवटपर्यंत वाचला, तोवर कुणी वाचलाच नव्हता: कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट १२७.०.१.१. आरएमआयमध्ये (जावाचे प्रोग्रॅम नेटवर्कवरनं एकमेकांशी बोलतात ती पद्धत) सर्व्हर क्लायंटला आपला पत्ता देतो, इथं त्यानं लूपबॅकचा, म्हणजे प्रत्येक मशीनचा स्वतःपुरता पत्ता दिला, म्हणजे काट्याचा पीसी स्वतःचंच दार वाजवत बसलेला! जुन्या सर्व्हरवर ती ओळ कुणीतरी कधीतरी दुरुस्त केली होती, पण लिहून कुठंच ठेवलं नव्हतं. ओळीत लॅनचा आयपी घातला, सर्व्हिस रिस्टार्ट केली, पावत्या सुरू.

तेव्हा होस्टनेमसीटीएल कमांडनं नाव बदललं की लगेच त्याच मशीनवर गेटेंट होस्ट्स आणि पुढं ते नाव, एवढी कमांड मारा. लॅनचा आयपी दिसला नाही तर मी पुढचं काहीच हातात घेत नाही. एनएसलुकअपवर विसंबू नका, ते होस्ट्स फाईल बघतच नाही, सरळ डीएनएसला, म्हणजे नावावरनं आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतंय. आणि होस्ट्समध्ये लॅनचा आयपी लिहिणार तर तो फिक्सच पाहिजे, नाहीतर राउटरमध्ये डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) रिझर्व्हेशन करून त्या मशीनला एकच आयपी बांधून द्या. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट किती वेळा जाते बघताय की, राउटर परत चालू झाल्यावर आयपी तोच मिळेल या भरवशावर कसं बसता?

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे नावाच्या शेवटी डॉट लोकल लावणं. दिसायला बरं दिसतंय म्हणून सगळे लावतात. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या नियमपत्रानं ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (डीएनएस सर्व्हरशिवाय मशीननी एकमेकांनाच नाव विचारणं) राखून ठेवलंय, त्यामुळं बऱ्याच लिनक्स डेस्कटॉपवर असलं नाव तुमच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मग एका पीसीवर चालतंय, शेजारच्यावर नाही, आणि सगळा दिवस त्यातच जातोय. २०२४ मध्ये डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेनं डॉट इंटर्नल खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलं, ते वापरा. कंपनीचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचं सबडोमेन त्याहून बरं.

नावात अंडरस्कोअर नको, हायफन घाला. जावाच्या यूआरआय क्लासला असल्या नावातनं होस्ट मिळतच नाही, नल (रिकामं) येतंय, आणि जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क तर रिक्वेस्टच नाकारतंय.

विंडोज मशीन असतील तर नाव १५ अक्षरांत बसवा.

गावाचं नाव घालायचं तर स्पेलिंग एकच ठरवा. २०१४ ला बेळगावचं सरकारी स्पेलिंग बदललं, तरी एकाच रॅकमध्ये निम्मे सर्व्हर जुन्या स्पेलिंगचे, निम्मे नवीन, आणि बॅकअपची स्क्रिप्ट भलत्याच नावाला शोधत बसलेली.

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) क्लोन करताना नुसतं नाव बदलून भागत नाही. मशीन-आयडी (लिनक्स प्रत्येक मशीनला देतं तो ओळख क्रमांक) पण नवीन करा, नाहीतर उबंटू सर्व्हरवर दोन्ही क्लोन डीएचसीपीकडं एकच ओळख सांगतात आणि एकाच आयपीवरनं भांडत बसतात. क्लाउड इमेजवरनं केलेल्या व्हीएममध्ये रीबूटनंतर जुनं नाव परत आलं तर क्लाउड-इनिटच्या (व्हीएम चालू होताना तिची सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये प्रिझर्व्ह होस्टनेम ट्रू करा.

आणि रीबूट मारून बघितल्याशिवाय साईट सोडू नका. तपासणी सर्व्हरवर बसून नव्हे, ज्या पीसीवरनं माणसं रोज काम करतात तिथनं करा, काट्यावरनं, स्टोअरमधनं.