भुईकोर: जमिनीखालची, सामूहिक मनाची कीटकजात रचताना (नव्या डीएमसाठी)

नवा डीएम (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा खेळ चालवणारा) पहिल्यांदा कीटकांची जात रचायला घेतो, तेव्हा वहीत बहुतेक दोनच ओळी असतात: "सगळ्यांचं मन एक" आणि "बरो स्पीड (माती खणत जाण्याचा वेग) ३० फूट". या दोन ओळींवर कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) दुसऱ्याच सेशनला अडकतं. एक पहारेकरी मारला की अख्ख्या वारुळाला खबर, म्हणजे लपतछपत जाण्यात काही राम नाही. कुठूनही कुठेही बीळ, म्हणजे भिंत, दार, खंदक सगळं फुकट. पार्टीला, म्हणजे प्लेयरच्या पात्रांच्या गटाला, मारामारी सोडून काही उरत नाही. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच: खबर कशाने जाते, किती वेळात जाते आणि कुठे तुटते. अंगकाठीपासून राणीपर्यंत बाकी सगळं त्यावरून ठरतं.

खालचे आकडे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर बेतले आहेत. जातीला भुईकोर म्हणू.

खबर कशी जाते

तिसऱ्या आवृत्तीत फॉर्मियन नावाची मुंग्यांसारखी जात होती. राणीपासून ५० मैलांच्या आत असलेले सगळे फॉर्मियन कायम एकमेकांच्या संपर्कात, एकाला धोका कळला की सगळ्यांना कळला, असा तिचा नियम. दुसऱ्या मितीतून आलेल्या सैन्याला तो शोभतो. गावाबाहेरच्या टेकडीखाली राहणाऱ्या, तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीसमोरच्या जातीला अजिबात शोभत नाही.

खऱ्या वारुळात हुकूम देणारं डोकं नसतंच. फ्रेंच शास्त्रज्ञ ग्रासे यांनी १९५९ मध्ये वाळवीबद्दल मांडलं ते असं: कामकरी वाळवी दुसऱ्या कुणाचं ऐकून नाही, तर आधीच्या वाळवीने ठेवलेला मातीचा गोळा पाहून आपला गोळा ठेवते. अर्धवट झालेलं कामच पुढचं काम सांगतं. गेमसाठी हे सोन्यासारखं आहे, कारण मग वारुळाची आठवण भिंतींत असते आणि प्लेयर भिंतींशी खेळ करू शकतात.

भुईकोरांना तीन वाटा द्या. पहिली वास: माग जमिनीवर ८ तास टिकतो, पण त्यातून "इथून गेलो" यापलीकडे फारसं कळत नाही. दुसरी मिशांचा स्पर्श: सगळा तपशील कळतो, पण दोघं समोरासमोर हवेत आणि एक पूर्ण अ‍ॅक्शन जाते. तिसरी ठोका. वाळवीचे सैनिक धोका जाणवला की डोकं जमिनीवर आपटतात आणि पुढचे ते ऐकून आपटत जातात. भुईकोरांचा ठोका ६० फुटांवर ट्रेमरसेन्सने (जमिनीची थरथर ओळखण्याच्या शक्तीने) कळतो, आणि त्याचे अर्थ तीनच: धोका, इकडे या, बुजवा. चौथा अर्थ देण्याचा मोह आवरा. "तिघे जण, एक जादूगार, डावीकडून" हे ठोक्यातून सांगता आलं की पुन्हा पहिल्याच अडचणीत.

टेबलावर हे असं चालतं. मुख्य भुयारात दर ५० फुटांवर एक हरकारा बसवा. तोंडावरच्याने पार्टी पाहिली की तो आपल्या टर्नला ठोका देतो आणि पुढचा आपल्या टर्नला तो पुढे पाठवतो. एका राउंडला एकच टप्पा. ३०० फूट आत असलेल्या अंड्यांच्या दालनात खबर पोचायला सहा राउंड, म्हणजे ३६ सेकंद. नकाशावर पेन्सिलने टिंबं काढून ठेवा आणि राउंडगणिक एकेक खोडा. आता प्लेयरना मधला एक हरकारा मारता आला, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या हरकाऱ्यांमध्ये १०० फुटांची फट पडते आणि साखळी तुटते. जुन्या, मार खाल्लेल्या वारुळात हेच अंतर ३० फूट ठेवा: एक मेला तरी फट ६० फुटांचीच, खबर पुढे जाते, दोन लागोपाठ मारावे लागतात. एवढ्या एका आकड्याने अवघडपणा वरखाली होतो, स्टॅट ब्लॉकला (राक्षसाच्या आकड्यांच्या तक्त्याला) हातही लावावा लागत नाही.

साखळी तुटली की शांतता होते, आणि शांतताही कळायला हवी. दर मिनिटाला राणीच्या दालनातून एक साधा ठोका निघतो आणि परत येतो. सलग दोन आले नाहीत की चार कामकरी बघायला निघतात. म्हणजे पार्टीकडे साधारण दोन मिनिटं आहेत. चलाख प्लेयर ठोका ऐकून स्वतःच काठीने परत देतात. त्यासाठी विस्डम (पर्सेप्शन) डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, १३ पास झाला की लय कळली असं धरा. नंतर दर वेळी रोल मागत बसू नका.

जादूचे प्रश्न येणारच, उत्तरं आधी लिहून ठेवा. ट्रेमरसेन्सला उडणारा प्राणी कळत नाही, त्यामुळे 'फ्लाय' चालतं. 'गस्ट ऑफ विंड' वायू आणि वाफ उधळून लावतं, तेव्हा वासाचा माग पुसला जातो. 'सायलेन्स' हवेतला आवाज थांबवतं. जमिनीची थरथर थांबवतं का, हे नियमात स्पष्ट नाही. आमच्या मते थांबवू नये, नाहीतर दुसऱ्या लेव्हलचा एक स्पेल अख्ख्या वारुळाला पुरून उरतो. टेलिपथीच द्यायची असेल तर 'डिटेक्ट थॉट्स'चा नियम उसना घ्या: दोन फूट दगड आडवा आला की संपलं. मग दालनांच्या मधल्या भिंती किती जाड, हे नकाशावर लिहावं लागेल.

माती जाते कुठे

बहुतेक जण इथेच पडतात. ५ फूट रुंद, ५ फूट उंच, १०० फूट लांब भुयार म्हणजे २,५०० घनफूट, म्हणजेच २५ ब्रास माती. खणलेली माती फुगते. पाव हिस्सा धरला तरी बाहेर पडणार ३१ ब्रास. बांधकामावर एकदा तरी उभं राहिलेल्याला हा ढीग डोळ्यांसमोर येईल. आणि बरो स्पीड १० फूट असलेला कीटक हे अंतर दहा राउंडमध्ये, म्हणजे एका मिनिटात कापतो. एका मिनिटात ३१ ब्रास माती कुणी उपसत नाही.

तेव्हा दोन वेग ठेवा. लढाईतला बरो स्पीड म्हणजे माती बाजूला सारत घुसणं. मागे भुयार उरत नाही आणि पार्टीला पाठलाग करता येत नाही. मागे भुयार उरणार असेल तर तसं ट्रेटमध्ये (राक्षसाच्या खास गुणात) लिहावं लागतं. पर्पल वर्म नावाच्या राक्षसाच्या ट्रेटमध्ये १० फूट व्यासाचं भुयार उरतं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरा वेग बांधकामाचा: दहा कामकरी मिळून तासाला ५ फूट. हा साधारण माणसांच्या वेगाइतकाच आहे आणि मुद्दाम तसा ठेवला आहे, म्हणजे गावकऱ्यांना पलीकडून खणून गाठता येतं.

साधा बरो स्पीड वाळू, माती, चिखल, बर्फ यांतूनच चालतो. सलग खडकातून जायला वेगळा ट्रेट लागतो, तो भुईकोरांना देऊ नका. खडक हीच पार्टीची तटबंदी. कॅम्पेन आपल्याकडच्या भूगोलावर बेतलं असेल तर हे फार मजेशीर होतं. देशावर वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यातलं भुयार पावसाळ्यात धरत नाही. मुरमात ते छान टिकतं. म्हणजे वारूळ एका पट्ट्यात अडकलेलं, खाली जाता येत नाही, आणि जूनमध्ये वरची दालनं सोडावी लागतात. कोकणात जांभा: जमिनीत ओला असताना कापायला मऊ, हवा लागली की कडक. तिथलं वारूळ शंभर वर्षं उभं राहील.

सुगावाही मातीचाच द्या. काळ्याभोर शेताच्या कडेला एका रात्रीत आलेला तांबूस मुरमाचा ढीग, ओला, त्यावर चिमटीएवढ्या गोळ्यांचे ठसे आणि आसपास पन्नास पावलांत झाडांना एक पान नाही. गावकऱ्यांच्या तोंडी चार वाक्यं घालण्यापेक्षा हे चित्र जास्त काम करतं. पानं कशाला, तर बुरशीला. आपल्याकडची वारूळं बांधणारी वाळवीही आत बुरशी पिकवून खाते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ती त्याच बुरशीची. बुरशीला दमट हवा लागते, म्हणून बुरशीचं दालन वाळवणं हा रक्त न सांडता वारूळ हलवायचा मार्ग होतो.

हवेचीही एक गंमत. बंगळूरच्या वारुळांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. दिवसा वारुळाच्या कडेच्या पातळ नळ्या लवकर तापतात, तिथून हवा वर चढते आणि मधल्या चिमणीतून खाली उतरते. रात्री उलट. भुईकोरांना हे जसंच्या तसं लावा. दिवसा मधल्या विवरातून उतरलात तर वारा तुमचा वास तुमच्या आधी राणीकडे नेतो. रात्री तोच वारा तोंडावर येतो आणि खालचा वास तुम्हाला मिळतो. पार्टीतल्या रेंजरला ही माहिती नेचर डीसी १५ ला द्या.

आकडे

एसी म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, एचपी म्हणजे किती मार सोसतो, सीआर म्हणजे अवघडपणाचा दर्जा, २डी६ म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे. कामकरी: स्मॉल, एसी १२, एचपी ९ (२डी६+२), चालणं ३०, बरो १०, ट्रेमरसेन्स ६० फूट, चावा +३, १डी६+१, सीआर १/८. हरकारा हाच, फक्त ठोका देणारा. राखण्या: मीडियम, एसी १५, एचपी २२ (४डी८+४), बरो नाही, चावा +४, १डी८+२, आणि लागला की पकड, सुटायला डीसी १२, सीआर १/२. काही मुंग्यांत मोठ्या डोक्याची मुंगी बिळाचं दारच डोक्याने बुजवते. राखण्याने भुयार बुजवलं की मागच्यांना थ्री-क्वार्टर्स कव्हर, म्हणजे एसीला +५. वाळवीच्या सैनिकांना स्वतः खाता येत नाही, कामकरी भरवतात. राखण्यांनाही तसंच ठेवा, वेढा घालणाऱ्या पार्टीला उपयोगी पडेल.

बुद्धी संख्येवर: एकट्याची इंटेलिजन्स ३, ३० फुटांत दहा जण असले की ८, पन्नास असले की १४. गर्दी फोडली की शत्रू मूर्ख होतो, हे प्लेयरना दुसऱ्याच लढाईत कळतं आणि आवडतं.

आठ कामकरी, दोन राखणे, एक हरकारा: २००+२००+२५ म्हणजे ४२५ एक्सपी (अनुभवाचे गुण). अकरा शत्रूंना तिनाचा गुणक, १,२७५. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी हार्ड ९०० आणि डेडली १,६००, म्हणजे ही लढाई हार्ड. २०२४ च्या नियमांत हा गुणक नाही, तिथे हाच गट कागदावर हलका दिसतो. त्यावर विसंबू नका. उघड्या दालनात अकरा चावे एका राउंडला येतात. उलट ५ फुटी भुयारात पुढचा एकच लढतो आणि बाकीचे रांगेत ताटकळतात. सगळ्या कामकऱ्यांना एकच इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) द्या, नाहीतर एका राउंडला वीस मिनिटं लागतात.

राणी मेल्यावर

राणी मारली आणि सगळे कोसळले, हा शेवट आता कुणालाच नको. आपल्या भारतात सापडणारी एक उडी मारणारी मुंगी आहे, हार्पेग्नॅथोस साल्टेटर. तिच्या वारुळात राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात, हे सामने ४० दिवसांपर्यंत चालू शकतात. जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात, त्यांचं आयुष्य काही महिन्यांवरून काही वर्षांवर जातं आणि मेंदू साधारण २० ते २५ टक्के आक्रसतो. भुईकोरांची राणी पडली की हेच सुरू करा: पहिला दिवस गोंधळ, मग महिनाभर सामने. त्या काळात ठोके अनियमित, पहारा अर्धा, आणि वारूळ कुणाशीही बोलायला तयार. पार्टीने कोणत्या उमेदवाराला मदत करायची, यावर तीन सेशन सहज निघतात.

बोलणी करताना एका कामकऱ्याचा शब्द म्हणजे वारुळाचा शब्द नव्हे. प्रश्न आत जातो, किमान दहा जणांनी तोच कौल दिला की उत्तर बाहेर येतं, १डी४ तासांनी. उत्तर बदलूही शकतं. घाईच्या प्लेयरना हे जड जातं, तेव्हा त्या तासांत काहीतरी घडवा.

कुणाला भुईकोर म्हणून खेळायचं असेल तर साखळीतून तुटलेला हरकारा द्या: स्मॉल, ट्रेमरसेन्स ३० फूट, बरो १०, आणि भुईकोराशी स्पर्शाने बोलता येणं. एका प्लेयरला तीन शरीरं देऊ नका, बाकीच्यांचे टर्न खाल्ले जातात. प्लेयरचं पात्र वारुळाच्या ६० फुटांत गेलं म्हणून त्याची मर्जी काढून घेऊ नका. ठोका ऐकू येतो एवढंच सांगा, पाळायचा की नाही ते प्लेयर ठरवेल. आणि पहिल्या सेशनआधी किड्यांची, अंड्यांच्या दालनाची कुणाला किळस किंवा भीती आहे का, ते विचारून घ्या. विचारायला मिनिट लागतं, अर्ध्यात खेळ थांबवायला संध्याकाळ जाते.

जात छापून विकायची असेल तर एसआरडी ५.१ (पाचव्या आवृत्तीचा खुला नियमसंच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० च्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहे. पर्पल वर्म, ट्रेमरसेन्स, पॅक टॅक्टिक्सची वाक्यं त्यातून घेता येतात, मात्र त्यात दिलेली श्रेयाची ओळ जशीच्या तशी छापावी लागते. एसआरडीत नसलेले राक्षस आणि त्यांची नावं उचलू नका.