नायट्रो गाडी सारखी बंद पडते? सुई पिळायच्या आधी हे बघा

चवथीच्या सुट्टीत माळ्यावरून नायट्रो गाडी, म्हणजे नायट्रोच्या इंधनावर पळणारी छोटी रिमोटची गाडी, खाली काढायची, टाकी भरायची, दोरी ओढायची आणि ती दहा सेकंदं भुर्रर्र करून मरायची, आमच्या डिचोलीच्या घरात हे दर वर्षीचं ठरलेलं. मग माणूस स्क्रूड्रायव्हर घेतो आणि कार्बोरेटरची दिसेल ती सुई पिळत सुटतो. मी पण तेच केलंय, म्हणून सांगतोय, दहातल्या सात वेळा दोष सुईचा नसतोच, आणि तुम्ही पिळून पिळून तो सुईचा करून ठेवता.

आधी ओळख करून घ्या. सुई म्हणजे इंजिनात इंधन किती जायचं ते ठरवणारा टोकदार स्क्रू. कार्बोरेटरवर जिथे इंधनाची नळी येते तिथे उभी असते ती हाय स्पीडची सुई. थ्रॉटलचा दांडा ज्या बाजूला आतबाहेर सरकतो तिथे लो स्पीडची, आणि एक साधा स्क्रू असतो तो फक्त आयडलचा, त्याने थ्रॉटलची फट किती उघडी राहते तेवढंच ठरतं. काही इंजिनांना मधली तिसरी सुई पण असते, तिला हात लावू नका, कंपनीने लावलीय तशीच राहू द्या. उजवीकडे फिरवली की इंधन कमी म्हणजे लीन, डावीकडे फिरवली की जास्त म्हणजे रिच. उलटं लक्षात ठेवलंत तर इंजिन जळेल, मस्करी नाही, कारण या टू-स्ट्रोकला वंगण इंधनातूनच मिळतं, इंधन कमी म्हणजे तेल पण कमी.

आता सुई सोडून बाकीचं बघा. बाटली मे महिन्यात उघडलेली असेल आणि पूर्ण पावसाळा झाकण सैल ठेवून काढला असेल तर ते इंधन बाजूला ठेवा, त्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत पाण्याला काय तोटा. ग्लो प्लग, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा इंजिनाच्या डोक्यावरचा प्लग, काढून पेटवून बघा, तार लालभडक दिसली पाहिजे. एअर फिल्टर बघा, आमच्या भागातली ती तांबडी धूळ फोममध्ये बसली की हवा येत नाही आणि गाडी रिच झाल्यासारखी गुदमरते, आणि फिल्टर फाटका असेल तर तीच धूळ सिलिंडरात जाऊन इंजिनच खाते. टाकीच्या झाकणाचं रबर आणि सायलेन्सरकडून टाकीला जाणारी प्रेशरची नळी पण बघा. शेवटी कार्बोरेटर इंजिनात बसतो त्या बुडाशी साबणाचं पाणी लावा आणि कार्बोरेटरचं तोंड, एक्झॉस्ट दोन्ही बोटांनी बंद करून इंधनाच्या नळीतून फुंका. बुडबुडा आला की हवा गळतेय, आणि अशी गळती असताना जगातली कुठलीही सेटिंग टिकत नाही, एका फेरीत बरी, दुसऱ्या फेरीत वेडी.

एवढं करून पण रडत असेल तर मग सुई. आधी हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे जातात ते मोजा आणि कुठेतरी लिहून ठेवा. डोक्यात ठेवू नका. मग काढा. काढल्यावर टोक मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. मी एकदा 'घट्ट बसली की नाही' म्हणून जोर लावून पिळली होती, तर टोकावर गोल रेघ उमटलेली, डोळ्याला नीट दिसत पण नव्हती पण नख फिरवलं की अडकायचं. अशी सुई वाकडी असो की रेघेची, ती फेकायची, घासून सरळ होत नाही. आणि सुईवरची छोटी रबरी रिंग बघा. सुई बोटाने सहज फिरत असेल, जरा पण अडत नसेल, तर रिंग गेली. धक्क्याने सुई आपोआप फिरते, वरून हवा पण शिरते. नवीन रिंग घालताना कॅस्टर म्हणजे एरंडेल तेलाचा थेंब लावा नाहीतर आत जाताना फाटेल.

आतली नळी साफ करायला तार घालू नका, पितळ आहे ते, भोक मोठं होईल. नायट्रोचंच इंधन सोडा, फुंका, परत सोडा. बाईकवाल्यांचा कार्बोरेटर क्लीनर रबर फुगवतो म्हणून रिंगा काढल्याशिवाय वापरू नका. आणि हे सगळं हातमोजे घालून, मिथेनॉल विषारी आहे, आणि त्याची आग उन्हात दिसत पण नाही, सिगारेट वगैरे लांब.

सुई लिहून ठेवलेल्या जागी परत बसवा, त्याहून पाव फेरा बाहेर, आणि इंजिन नीट गरम करा. थंड इंजिनावर ट्यूनिंग करणारा दिवसभर ट्यूनिंगच करतो. पहिली हाय स्पीड. पूर्ण थ्रॉटलला गाडी जड पळते, धूर दाट, तर घड्याळाच्या एका तासाएवढंच आत फिरवा, दोन फेऱ्या मारा, मग पुढचं. धूर बारीक पण दिसलाच पाहिजे. मग लो स्पीड: आयडलवर असताना टाकीकडून येणारी नळी चिमटीत दाबा. इंजिन जरा रेस होऊन २ ते ४ सेकंदांत मेलं तर बरोबर. लगेच मेलं तर लीन, बराच वेळ भुरभुरत राहिलं तर रिच. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी.

टेम्परेचर गन असेल तर ग्लो प्लगजवळ ९५ ते १२० डिग्री सेल्सिअस ठीक. नसेल तर इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाका, ३-५ सेकंदांत उकळून गेला तर चालेल, पडताक्षणी चर्र करून उडाला तर गाडी बंद करा आणि सुई जराशी बाहेरच्या बाजूला फिरवा.

चवथीच्या दमट हवेत लावलेली सेटिंग डिसेंबरच्या सकाळी चालणार नाही बरं का, थंड कोरड्या हवेत ऑक्सिजन जास्त, तेव्हा सुई जराशी बाहेर लागते. खेळून झालं की टाकी रिकामी करा, नळीतलं उरलेलं जाळून इंजिन बंद होऊ द्या, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे (खेळ संपल्यावर इंजिनात घालायचं तेल) चार थेंब टाकून दोरी दोनदा ओढा. नाहीतर इंधनातलं जुनं कॅस्टर आत चिकट होऊन बसतं आणि पुढच्या चवथीला पिस्टन हलत पण नाही.