फौजेतून पेन्शनवर येऊन मुंबईत राहताय? सवलतींच्या आधी हे कागद बघा

मुंबईतल्या माजी सैनिकाची गोष्ट साधारण सारखीच असते. माणूस सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर कोकणातला, पेन्शनवर आल्यावर पोरांच्या शिक्षणासाठी इकडे आलेला, बँकेत गार्ड किंवा एखाद्या टॉवरला सिक्युरिटी सुपरवायझर, घर भांडुप-विक्रोळीला आणि कागद सगळे गावच्या ट्रंकेत. योजना भरपूर आहेत हो, पण अर्ज अडतो तो योजनेमुळे नाही, नावातल्या एका स्पेलिंगमुळे. म्हणून आधी कागद, मग अर्ज.

पहिलं ठिकाण म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मुंबई शहराचं वेगळं, उपनगरचं वेगळं, आणि डोंबिवली-कल्याणवाल्यांना ठाण्याचं. राज्याचं मुख्य ऑफिस पुण्यात आहे पण तिथे थेट जायची गरज सहसा पडत नाही. तुमची नोंदणी अजून गावच्या जिल्ह्यात असेल तर प्रत्येक दाखल्यासाठी साताऱ्याची एसटी पकडावी लागते, त्यापेक्षा इकडे कायमचं राहणार असाल तर नोंदणी इकडे ट्रान्सफर करून घ्या. जुन्या ऑफिसला अर्ज द्यायचा, ते रेकॉर्ड पाठवतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, बँक पासबुक, एवढं ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या. तिथूनच माजी सैनिकाचं ओळखपत्र मिळतं आणि विधवा पत्नीलाही तिचं स्वतःचं ओळखपत्र मिळतं, हे बऱ्याच वहिनींना माहितीच नसतं, त्या नवऱ्याचंच जुनं कार्ड सांभाळून बसतात. या कामाला एजंट लागत नाही, गेटवर कोणी "मी करून देतो" म्हणून चिकटला तर सरळ आत जा.

आता पीपीओ काढा. आज संध्याकाळी काढा. त्यात बायकोचं नाव आहे का, जन्मतारीख आहे का, आणि दोन्ही आधारशी जुळतात का ते बघा. फौजेत लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर होते, म्हणजे लग्नाची रेकॉर्डला नोंद, त्यात क्लार्कने जसं लिहिलं तसं नाव चढतं, त्यामुळे रेकॉर्डला माहेरचं नाव नाहीतर सुनीताची सुनिथा, जन्मतारीख कित्येकदा अंदाजे १ जानेवारी, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. माणूस असेपर्यंत याने काही बिघडत नाही, पेन्शन येत राहते, म्हणून कोणी बघत नाही. तो गेल्यावर मात्र ती बाई हीच त्याची बायको हे सिद्ध करायला तिलाच ऑफिसं फिरावी लागतात. आमच्याकडे लालबागला एका काकूंचं असंच झालं, काकांच्या रेकॉर्डला त्यांचं नावच चढलेलं नव्हतं, लग्न गावच्या देवळात, नोंदणी नाही, शेवटी ॲफिडेव्हिट, ग्रामपंचायतीचा दाखला, राजपत्रात नाव असं सगळं करत करत काम झालं पण तोवर घर कोणी चालवलं तर पोरीने, बारावी सोडून.

दुरुस्तीसाठी अर्ज तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, सैनिक कार्यालयाच्या मार्फत पाठवलात तर बरं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. नेव्हीवाल्यांची मात्र मजा आहे, खलाशांचं रेकॉर्ड सांभाळणारं ब्युरो ऑफ सेलर्स इथेच मानखुर्दला आहे, हार्बर लाइन पकडली की झालं. मुलांची नावं पण तपासा. मूल दिव्यांग असेल आणि स्वतः कमावू शकत नसेल तर त्याला पुढे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते, तसंच अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला २५ वर्षांनंतरही मिळू शकते, उत्पन्नाची अट असते. ही नावं आई-वडील हयात असतानाच चढवलेली बरी.

माणूस गेल्यावर काय करायचं हे लिहायला जड जातं पण लिहितो. मृत्यूचा दाखला मिळाला की स्पर्श पोर्टलवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन सिस्टीमवर, मृत्यूची नोंद करायची. घरच्यांना ते जमत नसेल तर स्पर्शचं सर्व्हिस सेंटर किंवा सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) आहे, पेन्शन देणाऱ्या बँकेलाही कळवायचं. एक गोष्ट कडक लक्षात ठेवा, मृत्यूनंतर नवऱ्याच्या नावाने पेन्शन जमा झाली तर ती एटीएमने काढू नका, ती जादा रक्कम नंतर वसूल होते आणि तेव्हा ती दवाखान्याला गेलेली असते.

फॅमिली पेन्शनचा हिशोब पण समजून घ्या. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सुरुवातीला शेवटच्या पगाराच्या ५० टक्के दराने मिळते, पण ती ७ वर्षं किंवा सैनिकाचं वय ६७ झालं असतं ती तारीख, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत. मग ३० टक्के. त्यामुळे एक दिवस पेन्शन अचानक कमी आली की बायका घाबरतात, बँकेशी भांडतात, चूक मात्र कोणाचीच नसते. सेवेत असताना नैसर्गिक मृत्यू झाला तर हा ५० टक्क्यांचा वाढीव दर १० वर्षं. ड्युटीशी जोडलेल्या कारणाने मृत्यू असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के आणि लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत गेला असेल तर लिबरलाइज्ड, म्हणजे शेवटचा पगार पूर्ण. यातला कोणता प्रकार लागलाय हे पीपीओवर लिहिलेलं असतं, ते वाचा, पटत नसेल तर अपील करता येतं. सेवेत शहीद झालेल्यांच्या कुटुंबाला महाराष्ट्र सरकारची १ कोटीची मदत वेगळी, २०१९ मध्ये ती २५ लाखांवरून वाढवली.

आणि हो, आर्मी ग्रुप इन्शुरन्स. रिटायर होताना एकदाच प्रीमियम कापून पुढच्या काही वर्षांचा विमा दिलेला असतो, ते सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी असतं. शोधा. नॉमिनी कोण लिहिलाय ते बघा, लग्नाआधी भरती झालेल्यांच्या कागदावर कधीकधी अजून आईचंच नाव असतं.

हयातीचा दाखला. ज्यांची पेन्शन स्पर्शवर गेलीये त्यांनी तो दरवर्षी द्यायचा, बहुतेकांचा नोव्हेंबरमध्ये. जीवन प्रमाण ॲपवर मोबाईलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून घरबसल्या होतो, ज्यांचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत त्यांना हे फारच सोयीचं. फॉर्म भरताना पेन्शन देणारी एजन्सी म्हणून स्पर्शचा पर्याय निवडा, सवयीने बँकेचं नाव निवडलंत तर दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन अडते. "आजच दाखला अपडेट करा नाहीतर पेन्शन बंद" म्हणून फोन येतात, ओटीपी मागतात, ते चोर आहेत, फोन ठेवा.

दवाखान्याचं बोलू. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ मध्ये सुरू झाली, पेन्शनर आणि त्याच्या कुटुंबासाठी, एकदाच वर्गणी भरायची, हवालदारापर्यंत ३० हजार, जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार, ऑफिसरला १ लाख २० हजार. युद्धविधवा आणि १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ. आपल्या जवळच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला जायचं, तिथून रेफरल घेऊन पॅनलवरच्या हॉस्पिटलला कॅशलेस. पण रात्री दोनला छातीत कळ आली तर रेफरल कुठून आणणार, तेव्हा जे जवळ असेल तिथे न्या, पॅनलवर नसलं तरी, फक्त ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलं पाहिजे. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, फोन नंबर फ्रीजवर चिकटवा, कारण ज्याला माहितीये तोच स्ट्रेचरवर असतो. मुलगा २५ वर्षांपर्यंत किंवा नोकरी-लग्न होईपर्यंत, मुलगी नोकरी-लग्न होईपर्यंत, आई-वडील अवलंबून असतील आणि दोघांचं मिळून उत्पन्न महिना ९ हजार अधिक महागाई भत्ता याच्या आत असेल तर तेही येतात. मुलीचं लग्न झालं की तिचं कार्ड परत करायचं, वापरत राहिलात तर अंगाशी येतं.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांचं काय? हवालदारापर्यंतचा हुद्दा, वय ६५ च्या वर आणि नियमित उत्पन्न नाही असे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते, आधी ४ हजार होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८ हजार. त्याच वेळी दोन मुलांपर्यंत शिक्षणाची मदत पहिलीपासून पदवीपर्यंत दरमहा प्रत्येकी २ हजार झाली, आणि दोन मुलींपर्यंत लग्नासाठी प्रत्येकी १ लाख, विधवेच्या पुनर्विवाहालाही. या दोन्ही हवालदार हुद्द्यापर्यंतच्यांना, पेन्शन असली तरी. अर्ज बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन, मग ओरिजिनल कागद घेऊन जिल्हा ऑफिसला पडताळणी. लग्नाचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत करायचा, म्हणून हॉलचं बुकिंग करतानाच विवाह नोंदणीचं पण बघा, सर्टिफिकेटशिवाय काही होत नाही.

मुलांच्या कॉलेजसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड, एमबीए असे प्रोफेशनल कोर्स, बारावीला किंवा प्रवेशाला जी किमान पात्रता लागते (डिप्लोमा, पदवी) तिला ६० टक्के हवेत, मुलींना महिना ३ हजार आणि मुलांना अडीच हजार, वर्षाला ५५०० जणांना. अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा, दुसऱ्या वर्षी आठवण आली तर गेली संधी. त्याच्याही आधी, सीईटीनंतर कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, फॉर्म भरताना डिफेन्स कोटा टिक करा, महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी तो डेफ-१ म्हणून येतो, ५ टक्के जागा. त्याचा दाखला सैनिक कार्यालयातून आधीच काढून ठेवा, जूनमध्ये तिथे रांग असते.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. केंद्रात गट क ला १० टक्के, सरकारी बँका आणि केंद्राच्या कंपन्यांत क्लार्क लेव्हलला साडेचौदा टक्के, महाराष्ट्र सरकारच्या भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण. दहावी आणि १५ वर्षं सेवा झाली असेल तर गट क च्या पदांना पदवीधर समजतात, त्यामुळे "माझं शिक्षण नाही" म्हणून गार्डवरच थांबू नका, क्लार्कची परीक्षा द्या. गार्डचंच काम हवं असेल तर मेस्कोकडे नाव नोंदवा, ते राज्याचं माजी सैनिकांचं महामंडळ आहे. चार वर्षं करून परत येणाऱ्या अग्निवीरांना मात्र माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यांच्या सवलती वेगळ्या, ही गल्लत होते.

घरपट्टीची सवलत राज्यात २०२० पासून आहे, एकाच घरासाठी. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पालिकेने २०२२ पासून मालमत्ता कर माफच केलाय, म्हणजे इथलं घर छोटं असेल तर ही सवलत गावच्या घरासाठी वापरा, ग्रामपंचायतीत अर्ज द्या. आणि टोल माफ असल्याचे मेसेज फिरतात ते खरे नाहीत. निवृत्त झाला म्हणून टोल माफ होत नाही, परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतच्या शौर्य पदकवाल्यांनाच ओळखपत्रावर तो माफ आहे. टोलनाक्यावर जुनं कार्ड दाखवून वाद घालणाऱ्यांमुळे बाकीच्यांची पण शोभा होते.

इतकं करूनही अडलं तर आधी लेखी तक्रार, सीपीग्राम्सवर (केंद्राचं ऑनलाइन तक्रार पोर्टल), आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. वकील परवडत नसेल तर २०२५ मध्ये नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना आणलीये, सैनिक बोर्डांच्या ऑफिसात मोफत कायदेशीर मदत केंद्रं, आपल्या ऑफिसला विचारा. शेवटचा मार्ग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं न्यायाधिकरण, त्याचं बेंच मुंबईत आहे. पण वाट बघत बसू नका, उशिरा केस घातली तर पेन्शनचे एरियर्स (थकबाकी) बरेचदा केस दाखल केल्याच्या मागच्या ३ वर्षांपुरतेच मिळतात, त्याआधीचे हक्काचे असले तरी बुडू शकतात.