जपानी मेलमध्ये ओशाळायचं कसं

रबाळ्याला दुभाषी म्हणून लागले त्या वर्षी आमची ड्रॉइंग्ज दोन दिवस उशिरा गेली. माफीच्या मेलमध्ये मी रोजच्या बोलण्यातला 'हाझुकाशीई' घातला. मॅडमनी मेल थांबवला. म्हणाल्या, "अगं, फोटो काढताना लाजतेस तसं वाटतंय हे." आता नौपाड्यात घरी शिकवते, तर हे सगळ्यात आधी सांगते.

हाझुकाशीईमध्ये लाजणं, ओशाळणं, शरमेनं मान खाली जाणं, सगळंच येतं. मराठीत आपण हे वेगळं ठेवतो, त्याचा फायदा घ्या. मेल लिहिण्याआधी आपल्याला नेमकं काय वाटतंय ते मराठीत ठरवा.

समोरच्याला तसदी द्यायची आहे, म्हणजे संकोच. मग सुरुवात 'क्योशुकु देसु गा' अशी. त्यातल्या 'शुकु'चा अर्थ आक्रसणं, आणि आपल्या 'संकोच'चा मूळ अर्थही तोच. मला हे जुळलेलं फार आवडतं.

चूक झाली असेल तर आधी स्वच्छ माफी: 'मोशिवाके गोझाइमासेन'. मग काय चुकलं आणि कधीपर्यंत दुरुस्त होईल ते. त्यानंतर, एकदाच, 'कांगान नो इतारी देसु'. कान म्हणजे घाम, गान म्हणजे चेहरा, इतारी म्हणजे पराकाष्ठा. ओशाळून तोंडाला घाम फुटला, असं. हे वाक्य माफीच्या जागी मात्र लिहू नका. नुकसान त्यांचं झालंय आणि आपण आपल्याच शरमेबद्दल बोलतोय, असं होतं. कुणी भरभरून कौतुक केलं तर नम्रपणे हेच वाक्य चालतं. फोनवर ते जड वाटलं तर 'ओहाझुकाशीई कागिरी देसु' म्हणा. शब्द तोच, पण पुढचा 'ओ' आणि मागचा 'कागिरी' लागला की अदब येते.

शब्दकोशात 'शूची' आणि 'शूचीशिन' सापडतील. औपचारिक आहेत म्हणून मेलमध्ये घालायचा मोह होतो, पण ती लज्जा या भावनेची नावं आहेत, लेखात शोभणारी. ऑफिसात आपण तरी "मला लज्जा वाटते" म्हणतो का?

शूचीमधला 'ची' म्हणजेच 'हाजी', शरम. दोन्हींचं अक्षर एकच. ते हातानं गिरवाच. डावीकडे कानाचं चिन्ह, उजवीकडे हृदयाचं. शरमेनं कानशिलं तापतात, एवढं आठवलं की अक्षर विसरत नाही. कानाचे ६ स्ट्रोक आधी, मग हृदयाचे ४.